प्रागचा ज्यू वारसा नीट पाहायचा असेल तर: योसेफोवपासून मिकुलोवपर्यंत

प्रागला जाणारे बहुतेक जण जुन्या चौकातलं घड्याळ आणि चार्ल्स पूल झाल्यावर उरलेल्या दोन तासांत ‘ज्यू क्वार्टर’, म्हणजे योसेफोव ही जुनी ज्यू वस्ती, उरकतात. त्या दोन तासांत थडग्यांची गर्दी दिसते, गोलेम नावाच्या मातीच्या राक्षसाची गोष्ट कानावर पडते आणि हातात एक चुंबक येतो. इथे दहाव्या शतकापासून माणसं राहत होती, शिकत होती, भांडत होती, कर भरत होती, हे मात्र राहूनच जातं. म्हणून पुढचा क्रम मुद्दाम असा लावला आहे की आधी समाज समजावा आणि मग त्याचा अंत. प्रागसाठी दीड दिवस, नाझींनी ज्यूंना जिथे कोंडलं त्या तेरेझीन गावाला एक पूर्ण दिवस आणि शक्य असल्यास बाहेरच्या एका गावासाठी आणखी एक दिवस, एवढा वेळ काढा.

आधी वार ठरवा, मग विमान

सगळ्यात जास्त लोक फसतात ते शनिवारी. प्रागच्या ज्यू संग्रहालयाच्या सगळ्या वास्तू शनिवारी बंद असतात, कारण तो शब्बाथ, ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. रायगडच्या किनाऱ्यावर शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंना ‘शनिवार तेली’ म्हणत, ते याच नियमामुळे. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे ‘जुनं-नवं’ नावाचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शुक्रवारी लवकर बंद होतं. हिवाळ्यात अंधार चारच्या सुमारास पडतो, हे हिशेबात धरा.

दुसरी अडचण सणांची. रोश हशाना, योम किप्पूर आणि सुक्कोथ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात, पेसाख मार्च-एप्रिलमध्ये, शावुओत मे-जूनमध्ये. या सणांच्या मुख्य दिवशीही दारं बंद. तारखा चांद्रमासावर चालतात, म्हणून दरवर्षी बदलतात. जर्मनीत नोकरी करणारे आपले लोक ईस्टरच्या जोडसुट्टीत प्रागला येतात आणि पेसाख बरेचदा त्याच आठवड्यात असतो. तिकीट काढण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचं बंद दिवसांचं पान पाहून घ्या. दुरुस्तीसाठी एखादी वास्तू महिनोन्‌महिने बंद असेल, तर तेही तिथेच कळतं.

उत्तम मांडणी अशी: रविवार ते गुरुवारमधला एक दिवस योसेफोवला, दुसऱ्या दिवसाची सकाळ नव्या दफनभूमीला आणि रविवार किंवा सोमवार तेरेझीनला. हाताशी फक्त शनिवार असेल तर तेरेझीन त्या दिवशी उघडं असतं, पण तिथलं दाहगृह शनिवारी बंद असतं.

तिकिटाचा घोळ

योसेफोवमध्ये दोन वेगळे मालक आहेत. पिंकास, माइझेल, क्लाउसन आणि स्पॅनिश ही सिनेगॉगं, जुनी दफनभूमी आणि अंत्यविधीगृह हे ज्यू संग्रहालयाकडे. जुनं-नवं सिनेगॉग प्रागच्या ज्यू समाजाकडे. म्हणून तिकिटं दोन प्रकारची मिळतात: नुसत्या संग्रहालयाचं आणि दोन्ही मिळून एकत्र. बरेच जण स्वस्त दिसलं म्हणून पहिलं घेतात आणि जुन्या-नव्याच्या दारातून परत फिरतात. एकत्र तिकीटच घ्या.

पिंकासच्या दारातल्या खिडकीवर रांग सगळ्यात लांब असते. ऑनलाइन काढा, नाहीतर माइझेलोवा रस्त्यावर १५ क्रमांकाच्या इमारतीतलं माहिती केंद्र गाठा. प्रत्येक वास्तूत एकदाच प्रवेश मिळतो, म्हणून पाणी, स्वच्छतागृह वगैरे आधी आटपून मगच आत शिरा. चेक चलन कोरुना आहे, युरो नाही.

तिथे पोचायला मेट्रोची हिरवी ‘ए’ लाइन, स्टेशन स्टारोमेस्त्स्का. कागदी तिकीट असेल तर सरकत्या जिन्याच्या आधीच्या पिवळ्या यंत्रात शिक्का मारून घ्यायला विसरू नका. खिशात तिकीट असून शिक्का नसेल तरी दंड होतो.

पहिला दिवस: योसेफोव

सकाळी नऊला दार उघडायच्या आधी पिंकासपाशी उभे राहा. साडेदहानंतर पर्यटकांचे गट येऊ लागतात आणि दफनभूमीतल्या अरुंद वाटेवर मुंगीच्या चालीने सरकावं लागतं. इतिहासाच्या क्रमाने खरं तर माइझेल आधी यायला हवं. पण गर्दीपुढे इलाज नाही आणि दफनभूमीची वाट पिंकासमधूनच जाते. त्यामुळे आदल्या रात्री थोडं वाचून जा.

पिंकास सिनेगॉग १५३५ सालचं. आत भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हिया या चेक प्रांतांतल्या, नाझींनी मारलेल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावं हाताने रंगवली आहेत. मुख्य दालनात प्रागची माणसं, भोवतालच्या खोल्यांत बाहेरगावची. गावाचं नाव सोनेरी, आडनाव लाल, पुढे नाव, जन्मतारीख आणि ती व्यक्ती जिवंत असल्याची शेवटची माहीत असलेली तारीख. एका भिंतीपाशी थांबून एकच गाव वाचा. एकाच आडनावाखाली आजोबा, सून आणि चार वर्षांचं मूल लागोपाठ येतं आणि शेवटची तारीख तिघांचीही एकच असते. विशिष्ट कुटुंब शोधायचं असेल तर होलोकॉस्ट डॉट सीझेड या संकेतस्थळावरच्या बळींच्या यादीत आधी गाव पाहून ठेवा, म्हणजे योग्य भिंत सापडते.

ही नावं दोनदा लिहावी लागली. १९५४ ते १९५९ या काळात व्हाक्लाव्ह बोश्तीक आणि यिर्झी जॉन या चित्रकारांनी ती रंगवली. १९६८ मध्ये जमिनीतल्या पाण्यामुळे इमारत बंद झाली, कम्युनिस्ट राजवटीत ती तशीच पडून राहिली आणि नावं गेली. १९९२ ते १९९६ मध्ये पुन्हा लिहिली. २००२ च्या पुरात खालचा भाग परत भिजला. नदी इथून हाकेच्या अंतरावर आहे.

वरच्या मजल्यावर तेरेझीनमधल्या मुलांची चित्रं आहेत. फ्रीड्ल डिकर-ब्रांडाइस या चित्रकार बाईंनी तिथे मुलांना चित्रकला शिकवली. १९४४ मध्ये आउशवित्झला नेलं जाण्याआधी त्यांनी दोन सुटकेसमध्ये चित्रं भरून लपवून ठेवली, ती वाचली. संग्रहात अशी सुमारे ४,५०० चित्रं आहेत. जिना चढायचा कंटाळा करून हा मजला गाळू नका.

मागच्या दाराने थेट जुन्या दफनभूमीत येता. सर्वात जुना दगड कवी आणि रब्बी (ज्यू धर्मगुरू) अविग्दोर कारा यांचा, १४३९ चा. शेवटचं दफन १७८७ चं. दिसणारे दगड सुमारे १२,०००, खालची माणसं त्याहून कितीतरी जास्त. कारण सरळ आहे. वस्तीला दफनासाठी जादा जमीन मिळत नव्हती आणि ज्यू धर्मनियमाप्रमाणे पुरलेला देह उकरता येत नाही. म्हणून वर माती टाकून नवा थर करायचा आणि जुने दगड उचलून वरच्या थरात रोवायचे. काही ठिकाणी असे बारा थर आहेत. म्हणून दगड एकमेकांना टेकले आहेत, वाकले आहेत.

दगड वाचायचा कसा

हिब्रू येत नसली तरी तीन गोष्टी कळू शकतात.

चिन्हं आधी पाहा. आशीर्वादासाठी उचललेले दोन पंजे म्हणजे कोहेन, पुरोहित घराणं. पाण्याचा घडा म्हणजे लेवी, पुरोहितांचे हात धुणारे. प्राणी बहुधा नावावरून येतात: सिंह लोव किंवा येहुदासाठी, हरीण हिर्शसाठी, हंस गान्ससाठी. आपल्याकडे वाघ आणि लांडगे आडनावं आहेतच, तसंच. कात्री असेल तर शिंपी.

मग सुरुवातीची दोन अक्षरं, पे आणि नून. ‘येथे पुरले आहे’ याचं ते संक्षिप्त रूप. वाचायचं उजवीकडून डावीकडे.

आणि साल. हिब्रूत अक्षरांनाच किंमत असते आणि सालातले हजार बहुतेक वेळा लिहीत नाहीत. अक्षरांवर ठिपके किंवा रेघा असतील तर तो आकडा समजावा. गोलेमची गोष्ट ज्यांच्या नावावर सांगतात त्या रब्बी लोव यांच्या मृत्यूचं साल शीन, सामेख, तेत असं लिहितात: ३०० अधिक ६० अधिक ९, म्हणजे ३६९. त्यात १,२४० मिळवा: १६०९. हीच रीत १२४० ते २२३९ पर्यंतच्या कुठल्याही सालाला चालते. ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतं, त्यामुळे वर्षारंभ ते डिसेंबर या काळातला मृत्यू असेल तर एक वर्ष वजा करावं लागतं. अक्षरांच्या किमतींचा तक्ता मोबाइलवर घेऊन गेलात तर तासाभरात चार-पाच दगड स्वतः वाचता येतात. त्याची मजा कुठल्याही ऑडिओ गाइडमध्ये नाही.

शोधायची थडगी: रब्बी लोव यांचं घरासारखं उभारलेलं थडगं, १६०१ मध्ये वारलेले श्रीमंत पुढारी मोर्देखाई माइझेल, १६१३ मध्ये वारलेले इतिहासकार आणि खगोलज्ञ डेव्हिड गान्स (दगडावर षट्कोनी तारा आणि हंस), आणि १६२८ ची हेंडल बासेवी यांची कोरीव समाधी. थडग्यांवर लोक छोटे खडे ठेवतात. खडा ठेवायचा असेल तर तो थडग्यांमधून उचलू नका, बाहेरून आणा. हार-फुलांची तिथे रीत नाही.

बाहेर पडताना अंत्यविधीगृह लागतं. १५६४ पासून चालत आलेल्या दफन मंडळाची ती इमारत, बांधकाम १९११-१२ चं. आजारपण, मृत्यू आणि प्रेताला स्नान घालणं हे काम मंडळाचे सभासद धर्मकर्तव्य म्हणून करत. इथे वीस मिनिटं काढा.

जुनं-नवं सिनेगॉग

साधारण १२७० चं, युरोपात आजही प्रार्थना चालू असलेलं सर्वात जुनं सिनेगॉग. आत जाताना पायऱ्या उतराव्या लागतात, कारण शतकानुशतकं भोवतालची जमीन भर घालून वर आली आणि हे होतं तिथेच राहिलं. दारावर द्राक्षवेल कोरली आहे, तिची बारा मुळं म्हणजे इस्रायलच्या बारा वंशशाखा. आत दोन अष्टकोनी खांब, छताच्या प्रत्येक कमानीला पाच फासळ्या आणि मध्यावर तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ वाचायचा चौथरा. त्याच्यावर उंच लाल निशाण आहे, तारा आणि त्यात ज्यूंची टोपी. जाड भिंतींतल्या अरुंद फटींकडे लक्ष द्या. पलीकडच्या खोलीत बसून स्त्रिया त्यांतूनच प्रार्थना ऐकत.

पुरुषांनी डोकं झाकायचं. कागदी टोपी दारात मिळते, स्वतःचा रुमाल किंवा कॅपही चालते. चपला काढायच्या नाहीत, त्या सवयीने काढायला लागलात तर रखवालदार गोंधळतो. खांदे आणि गुडघे झाकलेले बरे.

गोलेम या सिनेगॉगच्या माळ्यावर पडला आहे असं सांगतात. माळा लोकांना खुला नाही. रब्बी लोव हे खरे विद्वान होते, पण त्यांच्या हयातीतल्या कुठल्याही नोंदीत गोलेम नाही. ती गोष्ट त्यांच्या नावाला एकोणिसाव्या शतकात चिकटली. गाइड तासातली चाळीस मिनिटं तिच्यावर घालवत असेल तर दुसरा गाइड पाहा.

बाहेर आल्यावर समोरच्या ज्यू टाउन हॉलकडे मान वर करा. खालच्या घड्याळावर हिब्रू अक्षरं आहेत आणि काटे उलटे फिरतात.

दुपार: माइझेल आणि स्पॅनिश

जेवणानंतर माइझेल, मग स्पॅनिश. माइझेलमध्ये दहाव्या ते अठराव्या शतकाचा इतिहास आहे, स्पॅनिशमध्ये पुढचा. स्पॅनिश सिनेगॉग १८६८ चं, मूरिश धाटणीचं. सोनेरी, हिरव्या आणि लाल नक्षीने आतला कणन्‌कण भरला आहे. प्रदर्शनात १८९३ च्या कायद्याने सुरू झालेल्या पाडकामाचा भाग जरूर वाचा. दाट, अस्वच्छ वस्ती म्हणून जवळजवळ सगळा योसेफोव पाडला आणि पारीझ्स्कासारखे रुंद रस्ते केले. बाहेर दिसणारी देखणी घरं त्यानंतरची आहेत. जुन्या वस्तीतलं फारच थोडं उरलं.

आणखी एक गोष्ट इथे सर्रास सांगितली जाते: हिटलरला इथे ‘नामशेष वंशाचं संग्रहालय’ करायचं होतं, म्हणून वस्तू वाचल्या. त्या काळच्या कागदपत्रांत असा आराखडा सापडलेला नाही. उजाड झालेल्या गावांतल्या वस्तू प्रागला गोळा कराव्यात हा प्रस्ताव १९४२ मध्ये ज्यू समाजाच्याच लोकांनी मांडला आणि नाझींनी तो आपल्या सोयीसाठी मान्य केला. शंभराहून जास्त गावांतून आलेल्या त्या वस्तूंची नोंद करणारे बहुतेक ज्यू कर्मचारी पुढे स्वतः छावण्यांत मारले गेले. श्रेय त्यांचं आहे.

खाण्याबद्दल दोन शब्द. ‘कोशर स्टाइल’ म्हणजे कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांप्रमाणे केलेलं, नव्हे. ‘शोलेट’ हा सातू-वाटाण्याचा किंवा सातू-घेवड्याचा पदार्थ शाकाहारी दिसतो, पण बहुतेक ठिकाणी त्यात हंसाची चरबी असते. विचारूनच मागवा.

एक सूचना खास आपल्यासाठी

गळ्यातलं स्वस्तिकाचं पदक, स्वस्तिक असलेली पिशवी किंवा मोबाइलचं कव्हर या ठिकाणी घेऊन जाऊ नका. आपल्या चिन्हाचा अर्थ वेगळा आहे हे खरं, पण ज्यांच्या आजीचं नाव पिंकासच्या भिंतीवर आहे त्यांना ते समजावून सांगायची ही जागा नव्हे. शिवाय नाझी विचारांचा प्रचार चेक कायद्याने गुन्हा आहे, सुरक्षारक्षक थांबवून चौकशी करू शकतो. अंगावरून काढता येत नसेल तर कपड्याच्या आत ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी: नवी दफनभूमी

मेट्रो ‘ए’, स्टेशन झेलीवस्केहो. बाहेर आलं की भिंतीलगतच दार आहे. १८९० पासूनची ही विस्तीर्ण, आयव्हीच्या वेलींनी झाकलेली जागा योसेफोवपेक्षा कितीतरी शांत. दारातून उजवीकडे पाट्या लेखक फ्रान्झ काफ्काच्या थडग्याकडे नेतात. स्फटिकासारखा टोकदार दगड, त्यावर काफ्का आणि आई-वडिलांची नावं. पायथ्याच्या पाटीवर त्याच्या तीन बहिणींची नावं आहेत, त्या नाझींच्या हातून गेल्या. इथेही शनिवारी बंद आणि पुरुषांना टोपी लागतेच.

परतीला मुख्य रेल्वे स्टेशनजवळचं जेरुसलेम सिनेगॉग पाहता येतं. १९०६ चं, आर्ट नोव्हो आणि मूरिश शैलीचा रंगीत मिलाफ. त्याचं तिकीट वेगळं आणि हिवाळ्यात ते बंद असतं. चालताना पायाखाली लक्ष असू द्या. नाझींच्या बळींच्या स्मरणार्थ दहा सेंटीमीटरचे पितळी चौकोन घरांसमोर बसवलेले दिसतील, ‘येथे राहत होते’ या शब्दांनी सुरू होणारे.

तेरेझीन

मेट्रो ‘सी’ने नाद्राझी होलेशोवित्सेला जा आणि तिथून लितोमेर्झित्सेकडे जाणारी बस घ्या. साधारण एक तास लागतो. रेल्वेने गेलात तर बोहुशोवित्से स्टेशनवरून दोन-अडीच किलोमीटर चालावं लागतं. १९४१-४२ मध्ये तिथे आणलेल्या ज्यूंना सामानासकट हेच अंतर चालवत, नंतर त्यांच्याकडूनच रूळ टाकून घेतले.

इथे होणारी मोठी गफलत: बस लहान किल्ल्यापाशी थांबते, लोक तिथे उतरतात, ‘आर्बाइट माख्ट फ्राय’ (कामाने मुक्ती मिळते) लिहिलेल्या कमानीचा फोटो काढतात आणि वस्ती पाहिली असं समजून परततात. लहान किल्ला हा गेस्टापोचा, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचा, तुरुंग होता, मुख्यतः राजकीय कैद्यांचा. ज्यूंची बंदिस्त वस्ती (घेट्टो) म्हणजे ओहर्झे नदीपलीकडचं अख्खं गाव. नोव्हेंबर १९४१ ते मे १९४५ मध्ये तिथे दीड लाखाच्या आसपास माणसं आणली गेली. सुमारे ३५,००० तिथेच भूक आणि रोगाने मेली, सुमारे ८८,००० पुढे पूर्वेकडे पाठवली गेली, त्यांतली फार थोडी परतली.

म्हणून गावच्या चौकात उतरा आणि या क्रमाने जा: घेट्टो संग्रहालय, तिथेच एकत्र तिकीट, माग्देबुर्ग बराक, जिथे दाटीवाटीची झोपायची खोली पुन्हा मांडली आहे, एका घराच्या मागच्या अंगणातली छुपी प्रार्थनाखोली, तिच्या भिंतीवरची हिब्रू अक्षरं अजून वाचता येतात, गावाबाहेरचं दाहगृह, आणि शेवटी लहान किल्ला. पाच ते सहा तास लागतात. दाहगृहापर्यंतचा रस्ता उघड्यावरचा आहे, उन्हाळ्यात टोपी आणि पाणी हवं. खायच्या जागा मोजक्या, त्यामुळे डबा बरोबर असावा. परतीच्या बसची वेळ उतरल्याबरोबर फळ्यावर पाहून ठेवा, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी बसगाड्या विरळ होतात. दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना घेट्टो संग्रहालयातली मुलांची चित्रं दाखवा, दाहगृह आणि किल्ल्यातल्या कोठड्या नकोत.

प्रागच्या पलीकडे

एकच गाव निवडायचं असेल तर मोराव्हियातलं त्रेबिच. तिथली ज्यू वस्ती २००३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि योसेफोवमध्ये जे पाडलं गेलं तेच इथे उभं आहे: नदी आणि टेकडीच्या बेचक्यात अडकलेल्या गल्ल्या, शंभरावर घरं, एकातून दुसऱ्यात जाणारे बोळ. ‘मागचं सिनेगॉग’ नावाच्या वास्तूत भिंतींवर हिब्रू मजकूर रंगवलेला आहे आणि स्त्रियांच्या सज्जात जुन्या वस्तीची प्रतिकृती. शेजारच्या घरात एका कुटुंबाचं दुकान आणि स्वयंपाकघर मांडलं आहे. टेकडीवरच्या दफनभूमीत सुमारे ३,००० दगड आहेत. प्रागहून जाऊन-येऊन दिवस पुरत नाही, मुक्काम करा.

अर्धाच दिवस असेल तर कोलीन. रेल्वेने तासाभरात पोचता, सतराव्या शतकातलं सिनेगॉग आणि पंधराव्या शतकापासूनची दफनभूमी आहे. पिल्झेनचं १८९३ चं भव्य सिनेगॉग युरोपात बुडापेस्टखालोखाल मोठं मानलं जातं. मिकुलोव ऑस्ट्रियाच्या सीमेवर, ब्रझेत्स्लावहून छोट्या रेल्वेने. मोराव्हियाच्या मुख्य रब्बींचं ते पीठ होतं आणि रब्बी लोव प्रागला येण्याआधी वीस वर्षं तिथे होते. तिथल्या ‘वरचं सिनेगॉग’ नावाच्या वास्तूत चार खांबांच्या मधोमध उभा केलेला चौथरा पाहा, प्रागमध्ये असा नाही.

लहान गावांत दफनभूमीला बरेचदा कुलूप असतं आणि चावी गावच्या माहिती केंद्रात किंवा सिनेगॉगच्या खिडकीवर मिळते. ओळखपत्र किंवा थोडी अनामत मागतात, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा आणि केंद्राच्या बंद व्हायच्या वेळेआधी चावी परत करा. ही केंद्रं हिवाळ्यात दुपारीच बंद होतात, काही सिनेगॉगं तर नोव्हेंबर ते मार्च उघडतच नाहीत. आदल्या दिवशी ईमेल टाकलेला चांगला. इंग्रजीत उत्तर येतं.